दीड महिना विमा नव्हता, नेमकी त्यातच धडक; आता सरकारला विम्याची हमी देणारं एसआर-२२. कुणी यातून गेलंय का?

घाटवळण
९ ऑगस्ट, रात्री ११:४२

एरवी मी इथे रोमात (नुसता वाचत) असतो. हे बायको सोडून कुणाला सांगितलेलं नाही आणि ऑफिसात सांगायची लाज वाटते, म्हणून इथे लिहितोय.

मी कॅलिफोर्नियात, बे एरियात, एच-१बी व्हिसावर. नऊ वर्षं इथे गाडी चालवतोय. फेब्रुवारीत माझ्या क्रेडिट कार्डावर कुणीतरी भलतीच खरेदी केली, बँकेने कार्ड बंद करून नवं पाठवलं. वीज, फोन, जिम, सगळीकडे नवा नंबर टाकला. गाडीच्या इन्शुरन्सचे पैसे सहा महिन्यांतून एकदाच जायचे, ते डोक्यातून साफ निसटलं. मार्चअखेर घर बदललं. यूएससीआयएसचा (इमिग्रेशन खात्याचा) पत्ता बदलल्याचा फॉर्म, एआर-११, दुसऱ्याच दिवशी भरला, ती धास्ती अंगात मुरलेली आहे. डीएमव्हीला (इथलं आरटीओ) आणि इन्शुरन्स कंपनीला मात्र नवा पत्ता कळवायचं 'या वीकेंडला करू' म्हणत राहून गेलं.

पैसे न मिळाल्यामुळे पॉलिसी ११ एप्रिलला संपली. पत्र गेलं जुन्या घरी. ईमेलही आली होती, ती जाहिरातींच्या टॅबमध्ये पिझ्झाच्या कूपनाखाली सापडली. जूनमध्ये.

२४ मे, शनिवार. ८८० हायवेवरून उतरताना रॅम्पच्या टोकाशी पुढची सिव्हिक निघाली असं वाटलं, मी डावीकडच्या गाड्या बघत ब्रेक सोडला, आणि ती निघालीच नव्हती. वेग फार तर बारा-पंधरा मैल. तिच्या बंपरवर माझ्या नंबरप्लेटच्या दोन स्क्रूंचे ठसे उमटले होते, इतकंच दिसत होतं. बाई सज्जन. कुणाला लागलं नाही. एकमेकांच्या इन्शुरन्स कार्डांचे फोटो काढले. माझ्या कार्डावरची तारीख ना तिने पाहिली ना मी.

घरी येऊन क्लेमसाठी फोन लावला. बरीच मिनिटं संगीत वाजलं आणि मग पलीकडची मुलगी म्हणाली, सर, ११ एप्रिलनंतर तुमच्या नावावर चालू पॉलिसी दिसत नाही.

आता परिस्थिती अशी. डीएमव्हीचं पत्र आलंय: विमा नसताना अपघात, म्हणून लायसन्स निलंबित. एक वर्षाने परत मिळू शकतं, पण पुढची तीन वर्षं एसआर-२२ चालू ठेवावं लागेल. तिच्या कंपनीने माझ्याकडे ६,३८० डॉलर मागितलेत. शिवाय गेल्या वर्षीच्या मार्चमधलं आय-५ वरचं एक तिकीट आहे, ७० च्या जागी ८४. तेव्हा दंड भरून मोकळा झालो, ट्रॅफिक स्कूल केलं नाही. ऑनलाइन होतं, तरी कंटाळा केला.

आधी सहा महिन्यांचे ८१२ डॉलर भरत होतो. परवा एका ठिकाणी कोट काढला तर २,३४०. हा आकडा बरोबर आहे की मला गंडवतायत? आणि याचा व्हिसावर काही परिणाम?

लांबचा_मामा
१० ऑगस्ट, सकाळी ६:१५

अरे बाळा, आधी पाणी पी. कुणाला लागलं नाही ना, मग बाकी सगळं पैशाचं आणि कागदाचं. मी न्यू जर्सीत एकतीस वर्षं आहे, आमच्याकडचे नियम वेगळे, त्यामुळे कॅलिफोर्नियावर अधिकाराने बोलत नाही. जाणकार येतीलच.

सरळरेषा
१० ऑगस्ट, सकाळी ७:०२

राग मानू नका, पण विमा नसताना गाडी रस्त्यावर आणणं हा बेजबाबदारपणा आहे. त्या बाईंच्या जागी एखादं मूल असतं तर? नऊ वर्षं चालवताय म्हणता, तर वर्षातून दोनदा पॉलिसी बघणं इतकं अवघड आहे का? आम्ही अठरा वर्षांत एकही तिकीट घेतलेलं नाही.

अळूवडी
१० ऑगस्ट, सकाळी ७:४०

सरळरेषा, मुद्दा बरोबर, पण त्यांनी ते स्वतःच लिहिलंय की. पुन्हा वाचून दाखवायची गरज नव्हती.

घाटवळण, दोन कामं आजच करा. एक, डीएमव्हीवर पत्ता बदला, कायद्याने दहा दिवसांची मुदत असते, एआर-११ इतकीच. दोन, गाडीचं रजिस्ट्रेशन तपासा. विमा संपला की कंपनी ते डीएमव्हीला इलेक्ट्रॉनिक पद्धतीने कळवते आणि दुसरी पॉलिसी दिसली नाही तर रजिस्ट्रेशनही निलंबित होतं. लायसन्सचं निलंबन वेगळं, हे वेगळं. सोडवायला सोपं आहे, विमा दाखवायचा आणि १४ डॉलर भरायचे, पण ते पत्रही तुमच्या जुन्या घरीच पडलं असणार.

घाटवळण
१० ऑगस्ट, सकाळी ८:११

तपासलं. निलंबित आहे. म्हणजे गाडीही आणि मीही.

सरळरेषा, तुमचं चूक नाही. मूल असतं तर, हा विचार माझ्या डोक्यात २४ मेपासून रोज येतो.

खतावणी
१० ऑगस्ट, दुपारी १:२५

या विषयात थोडा अनुभव आहे. लॉस एंजलिसजवळ एका ब्रोकरच्या ऑफिसात चौदा वर्षं काढली, त्यातला अर्धा वेळ समोर अशीच माणसं बसलेली असायची. सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे एसआर-२२ हा विमाच नव्हे. तो कागद आहे, जामीनदाराच्या चिठ्ठीसारखा. तुम्ही पॉलिसी घ्यायची, कंपनी डीएमव्हीला कळवते की या माणसाचा कायद्याने लागतो तेवढा विमा आमच्याकडे आहे. तो कागद दाखल करायला साधारण २५ डॉलरच्या आसपास घेतात. महाग पडतं ते कागदामुळे नाही, ज्या कारणाने तो मागितला गेला त्या कारणामुळे. आणि पॉलिसी मध्येच तुटली की तीच कंपनी एसआर-२६ नावाचा दुसरा कागद पाठवून चुगली करते. लायसन्स पुन्हा बंद. तेव्हा या तीन वर्षांत कार्ड बदललं, घर बदललं, कंपनी बदलली, काहीही झालं तरी जुनी पॉलिसी सोडायच्या आधी नवीचं एसआर-२२ पोचलेलं असलं पाहिजे. एक दिवस आधी पोचलेलं बरं.

दुसरं, ८१२ चे २,३४० कसे झाले. सगळ्यांचा समज असतो की खंड पडला म्हणून वाढले. कॅलिफोर्नियात तसं नाही. १९८८ साली लोकांनी मतदान करून मंजूर केलेल्या प्रपोझिशन १०३ मध्ये स्पष्ट लिहिलंय की आधी विमा नव्हता एवढ्याच कारणावरून दर वाढवता येत नाही. इथे दर ठरवताना पहिल्या तीन गोष्टी म्हणजे तुमचं ड्रायव्हिंग रेकॉर्ड, वर्षाचे मैल आणि किती वर्षं चालवताय. क्रेडिट स्कोअर तर बघायलाही बंदी. (मॅसॅच्युसेट्स आणि हवाईतही बंदी आहे, इतर बऱ्याच राज्यांत मात्र तो चांगलाच मोजला जातो.)

मग वाढलं कशाने? तर त्याच कायद्यातली 'गुड ड्रायव्हर' ही भानगड. तीन वर्षांत एकापेक्षा जास्त पॉइंट (तिकीट किंवा अपघातामुळे रेकॉर्डवर बसणारा दोषांक) नसेल तर किमान २० टक्के सूट मिळते. पण सूट ही त्यातली लहान गोष्ट. मोठी गोष्ट अशी की गुड ड्रायव्हरला कुठलीही कंपनी नाही म्हणू शकत नाही. तुम्ही पसंत कराल त्या कंपनीला तुम्हाला पॉलिसी विकावीच लागते. तुमचा आय-५ चा एक पॉइंट आणि या धडकेचा एक, झाले दोन. तुम्ही त्या दाराबाहेर आलात. आता कंपन्या तुम्हाला निवडणार. जे कोट देतात तेही चढ्या दराने, कारण त्यांना ठाऊक असतं की तुमच्यासमोर फार पर्याय नाहीत.

त्या तिकिटाला ट्रॅफिक स्कूल केलं असतं तर तो पॉइंट कंपन्यांपासून झाकला गेला असता आणि तुमच्या नावावर आज एकच राहिला असता. हे जखमेवर मीठ चोळायला लिहीत नाहीये. इथे वाचणाऱ्या कुणाच्या हातात आज ताजं तिकीट असेल, त्याच्यासाठी लिहितोय. अठरा महिन्यांत एकदाच ही सोय मिळते, आणि कोर्टाची मुदत उलटली की ती गेली.

घाटवळण
१० ऑगस्ट, दुपारी १:५८

हे वाचून दोन मिनिटं नुसता बसून राहिलो. कोर्स किती पैशांचा होता ते आता शोधूही नये म्हणतो.

अळूवडी
१० ऑगस्ट, दुपारी २:०६

खतावणी, हा प्रतिसाद वरती चिकटवून ठेवायला हवा. मी इतकी वर्षं सगळ्यांना छातीठोकपणे सांगत होते की खंड पडला की दर वाढतो!

खतावणी
१० ऑगस्ट, दुपारी २:४०

इतर राज्यांत ते खरंच आहे हो, त्यामुळे तुम्ही अगदी चूक नव्हता. आणि कॅलिफोर्नियात खंडाची शिक्षा दरात नसली तरी कायद्यात आहेच, घाटवळण यांच्या हातातल्या पत्रासारखी. अजून एक प्रपोझिशन २१३ आहे, १९९६ चं. तुमचा विमा नसताना समोरच्याने तुम्हाला ठोकलं, चूक शंभर टक्के त्याची असली, तरी दवाखान्याचा खर्च, बुडालेला पगार, गाडीची दुरुस्ती एवढंच मागता येतं. यातना, मनस्ताप याची भरपाई मिळत नाही.

आता घाटवळण यांचं पुढचं.

लायसन्स निलंबित असताना गाडी अजिबात चालवू नका. दूध आणायलाही नाही. आत्तापर्यंतचं सगळं प्रशासकीय आहे, पण निलंबित लायसन्सवर चालवताना सापडलात तर ते मिसडिमीनर, म्हणजे फौजदारी. व्हिसाचं तुम्ही विचारलंत, तर काळजी तिथे आहे. तरी तुमच्या इमिग्रेशन वकिलाला एक ईमेल टाकून ठेवा, मी वकील नाही.

कामावर जाण्यायेण्यापुरतं मर्यादित लायसन्स मागता येतं. त्यालाही आधी एसआर-२२ लागतं आणि वेगळी फी असते. पत्रासोबत माहिती असेल, ती वाचा.

त्या ६,३८० बद्दल: हे पैसे आता तिची कंपनी तुमच्याकडून वसूल करतेय. त्यांना फोन करा आणि हप्ते मागा. बहुतेक कंपन्या लेखी करार करून हप्ते देतात. त्या पत्रांकडे दुर्लक्ष केलंत, त्यांनी कोर्टात निकाल मिळवला आणि तोही तुम्ही भरला नाहीत, तर त्या कारणाने लायसन्सवर आणखी एक निलंबन बसतं. तो गुंता फार वाईट. बिलाची तपशीलवार प्रतही मागून घ्या. भाड्याच्या गाडीचे दिवस जास्त लावलेले असतात, ते मी पुष्कळदा कमी करून घेतलेत.

आणि शेवटचं: स्वस्तात पडतं म्हणून कमीत कमी मर्यादेची पॉलिसी घेऊ नका. १९६७ पासून इथे १५/३०/५ चालत होतं, १ जानेवारी २०२५ पासून ३०/६०/१५ झालं. म्हणजे एका जखमीला ३० हजार, सगळ्या जखमींना मिळून ६० हजार, आणि वस्तूंच्या नुकसानाला १५ हजार डॉलर. आजच्या एखाद्या इलेक्ट्रिक गाडीचा मागचा भाग चेपला तर १५ हजार पुरतील याची खात्री नाही. वरचं सगळं तुमच्या पगारातून. १००/३०० चा कोट काढून बघा, अंगावर आलेल्या २,३४० मध्ये त्याचा फरक वाटतो त्यापेक्षा कमी निघतो. वाचवायचेच असतील तर जुन्या गाडीवरचं कोलिजन (धडकेत आपल्याच गाडीच्या नुकसानाचं कव्हर) काढा.

निंबोणी
१० ऑगस्ट, सायंकाळी ५:१८

व्हर्जिनियाचा अनुभव टाकते. आमच्याकडे ८५ मैलांच्या वर गेलात, किंवा मर्यादेपेक्षा २० मैल वर, तर ते साधं स्पीडिंग नाही, 'रेकलेस ड्रायव्हिंग'. क्लास वन मिसडिमीनर! मी आय-९५ वर ७० च्या पट्ट्यात ८७ ला पकडले गेले. दक्षिणेकडून येणारे लोक सतरा मैलच जास्त होते म्हणून हसतात आणि मग तिकिटावर कोर्टाची तारीख बघून त्यांचे चेहरे उतरतात. ते रेकॉर्डवर ११ वर्षं राहतं.

वकिलाने दोन गोष्टी करायला लावल्या. तारखेआधीच ड्रायव्हर इम्प्रूव्हमेंटचा कोर्स आणि स्पीडोमीटरचं कॅलिब्रेशन. गॅरेजवाल्याने गाडी रोलरवर चढवली, चाकं जागच्या जागी फिरवली आणि कागद दिला की माझा काटा तीन मैल कमी दाखवतो. वकिलाने तो कागद न्यायाधीशांसमोर असा ठेवला जणू लग्नाची पत्रिका. 'इम्प्रॉपर ड्रायव्हिंग'वर निभावलं, फौजदारी टळली. प्रीमियम तरीही वाढला, पण 'हाय रिस्क'च्या रांगेत गेले नाही.

आमच्याकडे पूर्वी ५०० डॉलर भरून विम्याशिवाय गाडी चालवायची मुभा होती, ती १ जुलै २०२४ ला बंद झाली. किती नव्या लोकांना वाटायचं की ५०० भरले म्हणजे विमा मिळाला! मिळायचं काहीच नाही, फक्त परवानगी.

लांबचा_मामा
१० ऑगस्ट, सायंकाळी ६:५०

लग्नाची पत्रिका :हहगलो:

आमच्या जर्सीची गंमत ऐका. तीन वर्षांत सहा पॉइंट झाले की इन्शुरन्स कंपनी राहू दे, राज्यच सरचार्ज लावतं. सहाला १५० डॉलर, पुढच्या प्रत्येक पॉइंटला २५. दारू पिऊन चालवलीत तर वर्षाला हजार, तीन वर्षं. हे विम्याच्या बाहेरचं.

म्हणून इथल्या म्युनिसिपल कोर्टात रांगेत उभं राहिलं की सरकारी वकील हळूच विचारतो, 'अनसेफ ड्रायव्हिंग' घेता का? पॉइंट शून्य, पण वर २५० डॉलरचा भुर्दंड. बहुतेक लोक आनंदाने घेतात, मीही एकदा घेतलाय. पाच वर्षांत दोनदाच चालतं, तिसऱ्यांदा पॉइंट बसतात. त्या दिवशी आमच्या रांगेत पुढचे दोघे गुजराती, मागचा एक तेलुगू आणि मी. सगळ्यांनी एकच वाण घेतला.

झिम्माड
१० ऑगस्ट, रात्री ९:३०

थोडं विषयांतर, पण खंडाचं वाचून पोटात गोळा आला. मी डॅलसजवळ. ऑक्टोबरपासून पाच महिने भारतात जातोय, आईचं ऑपरेशन आहे. गाडी गॅरेजमध्ये राहणार. इन्शुरन्स रद्द करून आल्यावर पुन्हा घ्यायचा विचार होता. करू नये का?

खतावणी
१० ऑगस्ट, रात्री १०:१२

माझं विमा विकायचं लायसन्स टेक्सासचं नव्हतं, म्हणून तिथले बारकावे तुमच्या एजंटकडून घ्या. पण सरळ रद्द करू नका. टेक्सासमध्ये तो खंड दरात मोजला जाऊ शकतो. परत आल्यावर तुमचं रेकॉर्ड स्वच्छ असूनही पाच महिने विमा नसलेला माणूस म्हणून तुम्हाला कोट मिळेल.

कंपनीला सांगा की गाडी चालणार नाही, प्रीमियम कमीत कमी कसा करता येईल. वर्षाचे मैल कमी करतील, कोलिजन काढतील. गाडीवर कर्ज असेल तर मात्र कर्ज देणाऱ्याला विचारल्याशिवाय कशालाही हात लावू नका. कोलिजन आणि कॉम्प्रिहेन्सिव्ह (चोरी वगैरेचं कव्हर) काढलंत की ते स्वतःहून पॉलिसी घेतात आणि तुमच्या हप्त्यात घालतात. ती महाग असते, आणि ती कर्जाची राखण करते, तुमची नाही.

(कॅलिफोर्नियात असाल तर डीएमव्हीकडे गाडी वापरात नसल्याचं प्रतिज्ञापत्र भरून ठेवता येतं. तरी चोरीसाठी कॉम्प्रिहेन्सिव्ह ठेवावं, असं माझं मत.)

झिम्माड
१० ऑगस्ट, रात्री १०:२०

कर्ज आहे अजून. बरं झालं विचारलं. धन्यवाद.

पाऊलखूण_नको
११ ऑगस्ट, रात्री १२:०५

हा डुआयडी (दुसऱ्या नावाचं खातं) आहे, ओळख द्यायची नाही. अॅडमिनना विनंती, राहू द्या.

घाटवळण, तुमच्या व्हिसाच्या प्रश्नावर माझ्या भावाचं सांगतो, म्हणजे काळजी कुठे करायची आणि कुठे नाही ते कळेल. त्याला दोन वर्षांपूर्वी कॅलिफोर्नियातच दारू पिऊन चालवल्याबद्दल अटक झाली. पार्टी, तीन बिअर, घर दीड मैलावर. कोर्टाची तारीख यायच्या आधीच वाणिज्य दूतावासाची ईमेल आली की व्हिसा रद्द केलाय. नुसत्या अटकेवर. २०१५ पासून ही पद्धत आहे म्हणे. इथलं राहणं-काम चालू राहिलं, कारण ते आय-९४ वर (देशात शिरताना होणाऱ्या मुक्कामाच्या नोंदीवर) असतं, पण देशाबाहेर गेलं की परत येताना नव्याने व्हिसा, आणि त्याआधी नेमून दिलेल्या डॉक्टरांकडे तपासणी. बाबांच्या पंच्याहत्तरीला तो आला नाही. घरी सांगितलं, प्रोजेक्टची डेडलाइन आहे.

विम्याचा त्रास तर आहेच. एसआर-२२ तीन वर्षं, पण गुड ड्रायव्हरची सूट दहा वर्षं नाही. आणि गाडीत ते फुंकायचं यंत्र. फुंकर मारल्याशिवाय गाडी सुरू होत नाही, आणि चालवतानाही मधेच वाजतं, पुन्हा फुंका. मी एकदा शेजारी बसलो होतो. सिग्नलला थांबलो असताना वाजलं. शेजारच्या गाडीतली लहान मुलगी काचेला नाक लावून बघत होती. त्याने तोंड फिरवून फुंकलं.

तुमचं प्रकरण यातलं नाही. पण इथे कुणी 'दीड मैलच तर आहे' म्हणणारा वाचत असेल तर...

लांबचा_मामा
११ ऑगस्ट, सकाळी ५:५५

लिहिलंस ते बरं केलंस बाळा. भावाला नमस्कार सांग.

निंबोणी
११ ऑगस्ट, सकाळी ८:४४

व्हर्जिनिया आणि फ्लोरिडात डीयूआयला (दारू पिऊन चालवण्याला) एसआर-२२ चालत नाही, एफआर-४४ लागतं. मर्यादा बऱ्याच मोठ्या: आमच्याकडे किमान मर्यादेच्या दुप्पट, फ्लोरिडात १००/३००/५०. हप्ता किती येत असेल याचा अंदाज करा. न्यू यॉर्क, पेनसिल्व्हेनियात एसआर-२२ हा प्रकारच नाही. त्यामुळे मैत्रिणीच्या नवऱ्याने काय केलं ते ऐकून वागू नये, त्यांचं राज्य आधी विचारावं.

उकडीचा
११ ऑगस्ट, दुपारी ३:३०

आमचा मुलगा सोळाचा झालाय, त्याला पॉलिसीत घातलं तर जवळजवळ दुप्पट. त्याने अजून एकही गुन्हा केलेला नाही, फक्त सोळा वर्षांचा आहे! हाही हाय रिस्कच ना?

अळूवडी
११ ऑगस्ट, दुपारी ३:४१

हो :) चांगल्या मार्कांची सूट मागा, आणि घरात जी सर्वात जुनी गाडी असेल तिच्यावर त्याचं नाव लावता येतं का विचारा. कंपनीला न कळवता मुलाला चालवू द्यायचं मात्र करू नका, एकाच घरात राहणारा लायसन्सवाला लपवला आणि क्लेम आला तर कंपनी हात वर करते. बाकी यावर वेगळा धागा काढा, इथे घाटवळण यांचं चाललंय.

सरळरेषा
११ ऑगस्ट, रात्री ९:१५

काल मी जरा जास्त बोललो. आज आमची पॉलिसी काढून बघितली. अठरा वर्षांत तिकीट नाही हे खरं, पण मर्यादा २००७ साली घेतल्या त्याच होत्या. एजंटला फोन केला तर तो म्हणाला, किमान मर्यादा बदलल्यामुळे आम्ही तुमची आपोआप वाढवली, पत्र पाठवलं होतं. मी ते पत्र उघडलेलंच नव्हतं.

घाटवळण
११ ऑगस्ट, रात्री ९:४०

:) स्वागत आहे.

घाटवळण
२८ सप्टेंबर, दुपारी ४:०५

बऱ्याच जणांनी विपूत (माझ्या विचारपुशीच्या पानावर) विचारलं, म्हणून पुढचं लिहितो.

पाच ठिकाणी कोट काढले. ज्या मोठ्या कंपनीच्या जाहिराती आपण रोज बघतो तिने घेतलंच नाही. दोन ब्रोकर गाठले. एकाने पहिल्याच फोनवर 'आजच सही करा, उद्या दर वाढेल' म्हटलं, त्याला नमस्कार. दुसरी बाई शांत होती. तिनेच सांगितलं की कुणीच घेतलं नाही तर राज्याचा असाइन्ड रिस्क प्लॅन असतो, त्यात कंपन्यांना त्यांच्या धंद्याच्या प्रमाणात माझ्यासारखी माणसं वाटून देतात. तिथवर जावं लागलं नाही. सहा महिन्यांचे १,९७५, मर्यादा १००/३००/५०, कोलिजन काढलं. एकरकमी भरले. हप्त्यांवर घेतलं असतं तर दर हप्त्याला वर फी होती, आणि खरं सांगायचं तर मला हप्ता या शब्दाचीच भीती बसलीय.

एसआर-२२ तिने समोरच पाठवलं. डीएमव्हीच्या खात्यात दिसायला चार दिवस लागले, मी रोज सकाळी चहाच्या आधी बघत होतो. कामापुरतं लायसन्स मिळालं. म्हणजे घर ते ऑफिस. कॉस्को नाही, देऊळ नाही. बायको गाडी चालवते आणि मी शेजारी बसून तिला सिग्नल सांगतो, ते तिने आता बंद करायला लावलंय.

६,३८० चे ५,७१० झाले. खतावणी म्हणाले तेच निघालं, भाड्याच्या गाडीचे सात दिवस जास्त होते. अठरा हप्ते.

लेक्सिसनेक्सिस या कंपनीकडून माझा क्लू रिपोर्ट, म्हणजे जुन्या क्लेमची यादी, तीही मागवली. वर्षातून एकदा फुकट मिळतो, सात वर्षांचे क्लेम असतात. त्यात २०२१ साली काचेला तडा गेला होता तो क्लेमही होता, शून्य डॉलरचा. मी नुसतं विचारायला फोन केला होता!

लांबचा_मामा
२८ सप्टेंबर, सायंकाळी ५:३०

शाब्बास. आणि त्या सिव्हिकवाल्या बाई?

घाटवळण
२८ सप्टेंबर, सायंकाळी ६:१२

जूनमध्ये त्यांना मेसेज टाकला होता की माझा विमा त्या दिवशी नव्हता, मला माहीत नव्हतं, माफ करा. तीन दिवस उत्तर नाही. मग आलं: माझा भाऊही एकदा असाच अडकला होता, गाडी दुरुस्त झाली, काळजी घ्या. त्यांच्या पॉलिसीत विमा नसलेल्या ड्रायव्हरने ठोकलं तर वापरायचं कव्हर होतं, म्हणून त्यांना स्वतःचं काही भरावं लागलं नाही. मी माझ्या नव्या पॉलिसीत ते घातलंय.

खतावणी
२८ सप्टेंबर, रात्री ८:०३

नव्या कंपनीला पत्ता कोणता दिलाय?

घाटवळण
२८ सप्टेंबर, रात्री ८:०५

हाच, नवा. डीएमव्हीलाही. शिवाय पैसे कार्डावरून नाही, थेट बँकेतून जातात. आणि मार्चच्या नूतनीकरणाचा गजर बायकोच्या फोनमध्ये लावलाय, माझ्या नाही.